अस्वलाचं गाणं

आत्याबाई : अगो, जोरात वाजव की! बोटांनी टकटक करून तो उघडणाराय होय? मांडवात गुरुजी सारखे घड्याळ बघतायत, मातृभोजनाची पानं वाढून झाली, अष्टवर्गाला जेवायला बोलावलेली पोरं पापड मोडत बसलीयत, आणि ज्याची मुंज तो शिंचा कडी लावून आत टीव्ही बघतोय!

सुनेत्रा : आत्याबाई, जरा हळू. तो ऐकतोय सगळं. वेद... बाळा, दार उघड बघू. आई आहे.

वेद : मला माहितीय तू आहेस.

सुनेत्रा : मग उघड ना.

वेद : नाही. अस्वल संपल्यावर.

आत्याबाई : आता हे अस्वल कुठून आलं मध्येच?

सुनेत्रा : कार्टून आहे हो. मुंबईला औषधपाण्यासाठी जायचो तेव्हा ह्यांनी फुटपाथवरून ही कॅसेट आणली होती. एक जाडं अस्वल राजाचा झगा घालून परदेशी नाटकातलं गाणं म्हणतं, आणि त्याच्या मुकुटात लपलेली खार गाण्याच्या ठेक्यावर त्याचे केस भादरते. बापलेक रोज बघायचे. हसून हसून लोळायचे.

आत्याबाई : ह्याला गाणं म्हणतात? जन्म नाट्यपदं ऐकण्यात गेला माझा, असा गळा काढलेला कोणाचा ऐकला नाही. वेदा! ए वेदा! मी आत्याआजी बोलतेय. हरिहरकाका आणि मनस्विनीकाकू सकाळपासून सोवळं नेसून खोळंबलेत तुझ्यासाठी. केरू न्हावी खोळंबलाय. मुहूर्त काय तुझ्यासाठी थांबणाराय?

वेद : केरूदादाला काही करताच येणार नाही.

सुनेत्रा : का रे?

वेद : त्याची धोकटी माझ्याकडे आहे.

सुनेत्रा : धोकटी?

वेद : त्याने झोपाळ्यावर ठेवली होती. मी उचलली.

आत्याबाई : अगोबाई! आणि तो बिचारा मघापासून सगळं अंगण धुंडाळतोय. वर मीच त्याला बोलले, स्वतःची हत्यारं सांभाळता येत नाहीत म्हणून! अरे मेल्या, त्यात वस्तरा असेल!

वेद : आहे. माझ्या हातात आहे.

सुनेत्रा : हातात... मिटलेला ना, वेद?

वेद : उघडलाय.

आत्याबाई : देवा गणराया! कालच धार लावून आणलाय हो केरूने. मला दाखवत होता, कौतुकाने. सरक गो तू. हरिहरला हाक मारते, दोन धक्क्यांत कडी निघेल.

सुनेत्रा : नको! आत्याबाई, पाया पडते, धक्का नको. तो दचकला आणि हात हलला तर? वेद, ऐक. वस्तरा खाली ठेव. जमिनीवर ठेव आणि पायाने लांब सरकव.

वेद : नाही. मला लागणार आहे तो.

सुनेत्रा : कशाला लागणार आहे?

वेद : माझे केस मीच काढणार. खारीसारखे. आता अस्वल हळू गातंय ना, ते झालं की खार साबण लावते. मग फास्ट गाणं लागतं. फास्ट लागलं की मी सुरू करणार. मग केरूदादाने काढायला नको, आणि काकूने बसायला नको. मुंज झाली.

आत्याबाई : ऐकलंस? आठ वर्षांचं पोर आणि म्हणे मुंज झाली! वेदा, अरे मोठी माणसंसुद्धा स्वतःच्या डोक्याला वस्तरा लावत नाहीत रे. कान जाईल तुझा!

वेद : खारीचा हात चुकत नाही.

सुनेत्रा : चित्रातली खार आहे ती, बाळा. अस्वलाला किती लागतं, किती आपटतं, तरी ते उठून उभं राहतं. आपलं तसं नसतं.

वेद : मला माहितीय तसं नसतं. बाबा कुठे उठले?

सुनेत्रा : वेद.

वेद : काय?

सुनेत्रा : कॅसेट जरा थांबव. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि ह्या आवाजात ऐकू येत नाही.

वेद : मला येतंय ऐकू. तू बोल.

आत्याबाई : (हळू आवाजात) अगो, मेन स्विच काढू का? जिन्याखालीच आहे. लाइट गेली की ते रेकणं बंद, अस्वल बंद.

सुनेत्रा : (तितक्याच हळू) आणि खिडक्याही लावून घेतल्यायत त्याने. गुडुप अंधारात, उघडा वस्तरा हातात घेऊन, एकटा. नको. गाणं चालू आहे तोवर तो फास्ट भागाची वाट तरी बघतोय.

आत्याबाई : मग काय करायचं? नुसतं दाराशी बसायचं?

सुनेत्रा : बोलायचं. वेद, आता काय चाललंय चित्रात?

वेद : पडदा उघडला. ते पोट पुढे काढून चालतंय.

सुनेत्रा : आणि दोन्ही हात पसरतं.

वेद : हो. आता ओऽऽ करेल. केलं बघ.

सुनेत्रा : ऐकलं. मला एक सांग, राजा. मुंज करायची म्हणून तू किती नाचत होतास. लंगोटी, दंड, भिक्षावळीचे लाडू. हेदवीच्या गणपतीला पत्रिका ठेवायला गेलो तेव्हा पुजाऱ्यांना तूच सांगितलंस ना, माझी मुंज आहे, नक्की या? मग आज सकाळी काय झालं?

वेद : आत्याआजी सांगत होती काकूला.

आत्याबाई : मी? मी काय सांगितलं?

वेद : तू म्हणालीस, मनस्विनी, तू आणि हरिहर पाटावर बसा. वेदाला मांडीवर तू घ्यायचंस, घास तू भरवायचेस. केस काढताना तूच समोर बस. सुनेत्रा कोठीच्या खोलीत थांबेल. मांडवात पाऊल टाकणार नाही, तिला कळतं तेवढं. मी पडद्यामागे होतो. आई, तुला माहीत होतं?

सुनेत्रा : हो.

वेद : मग मला का नाही सांगितलंस?

सुनेत्रा : सांगणार होते. रोज म्हणत होते, आज सांगू.

वेद : गुरुजी म्हणाले, मातृभोजन. मातृ म्हणजे आई. काकू म्हणजे आई का?

आत्याबाई : अरे, काकूही आईसारखीच रे. बाप नसला की काकाकाकूच बसतात. रीत आहे ती. तुझी आई... शुभकार्यात... कसं सांगू आता ह्या पोराला! तुझ्या भल्यासाठीच आहे हे, वेदा. तुझ्या आयुष्याला काही बाधू नये म्हणून.

वेद : उलटं आहे ते! तुला काही माहीत नाही, आत्याआजी. आई नसली की बाधतं!

सुनेत्रा : असं का म्हणतोस?

वेद : तूच गेली होतीस ना बाहेर!

सुनेत्रा : कधी?

वेद : बाबांचे केस काढले तेव्हा! बाबा म्हणाले, चल, आज मी अस्वल, तू खार. ह्याच खोलीत. तू वाटी धरून बसली होतीस, केस टाकायला. गाणं लागलं, मी कात्री चालवायला लागलो, आणि तू वाटी ठेवलीस आणि उठून गेलीस. मी बघितलं. बाबांनीपण बघितलं. मग सगळे केस गेले, बाबा अस्वलासारखे धपकन पडले, मी त्यांच्यावर फुलं टाकली. चित्रात टाकतात तशी. आणि मग थोड्या दिवसांनी बाबा परत तसेच झोपले होते, आणि सगळेच त्यांच्यावर फुलं टाकत होते.

आत्याबाई : रामा रे...

वेद : साबण लावतेय खार.

सुनेत्रा : वेद, वस्तरा कुठे आहे?

वेद : कानाच्या वर धरलाय. साबण झाला की फास्ट लागतं.

सुनेत्रा : हात खाली घे, बाळा. फक्त खाली घे. ठेवू नकोस हवं तर, हातातच असू दे. पण खाली. माझं ऐकून होईपर्यंत.

वेद : ...घेतला.

सुनेत्रा : शहाणा माझा. आता ऐक. बाबांचे केस खारीने नाही नेले. तू नाही नेलेस. औषधाने गळत होते ते. रोज सकाळी उशीवर पुंजके पडायचे. एकदा तू ते बघून किंचाळलास, आठवतं? आधी तुझ्या मनातली भीती घालवायला हवी म्हणून त्यांनी तो खेळ काढला. आणि बाबा गेले ते आजाराने. केसांचा त्याच्याशी काही संबंध नाही. माझ्या उठण्याचाही नाही.

वेद : पण तू गेलीस ना!

सुनेत्रा : गेले. रडू आवरेना म्हणून उठले. तुम्ही दोघं हसत होतात, तुमच्यासमोर कशी रडणार? पण मी लांब नव्हते गेले. ह्याच दाराशी बसले होते. आत्ता बसलेय ना, इथेच. कडी नव्हती लावलेली, तेवढाच फरक.

वेद : खोटं.

सुनेत्रा : खरं.

वेद : मग सांग, बाबा काय गात होते? अस्वलाच्या गाण्यावर?

सुनेत्रा : "गेली झुलपं, गेली मिशी, राजाच्या डोक्याची झाली बशी."

वेद : ते तर रोजच म्हणायचे. शेवटी काय म्हणाले? पडायच्या आधी? ते फक्त मला माहितीय. हळूच म्हणाले होते.

आत्याबाई : (हळू) अगो, आठवतंय ना तुला? चुकू नको हो, पोरी.

सुनेत्रा : म्हणाले, "वेद्या, एक केस राहू दे. आईला धरायला." बरोबर?

वेद : तू... तुला ऐकू आलं?

सुनेत्रा : सगळं आलं. तू म्हणालास, कुठला ठेवू? ते म्हणाले, मधला. आणि मग तो पण तुटला, आणि तुम्ही दोघं इतके हसलात की त्यांना ठसका लागला. मी इथे पदर तोंडात धरून बसले होते. एक क्षण हलले नाही.

वेद : मग तू आजपण तशीच बसणार? दाराच्या मागे? आई, सांग ना! साबण संपत आलाय.

सुनेत्रा : नाही. आज समोर बसणार.

आत्याबाई : सुनेत्रे! पोराला दार उघडायला लावायचं म्हणून वाटेल ते कबूल करू नको. बाहेर आल्यावर काय तोंड दाखवशील त्याला?

सुनेत्रा : मी उगाच नाही कबूल करत, आत्याबाई. मी बसणार आहे.

आत्याबाई : मांडवात माणसं बसलीयत! सासरची, माहेरची, गावची. काय म्हणतील?

सुनेत्रा : म्हणू देत. आज सकाळपर्यंत मलाही तेच भय होतं. तुम्ही मनस्विनीवहिनींना सांगितलंत ते मीही ऐकलं, आणि गप्प मान हलवली. म्हटलं, पोराचं कार्य नीट होऊ दे, आपलं काय एवढं. पण पोर आत उघडा वस्तरा घेऊन बसलंय, आत्याबाई! माणसांचं काय घेऊन बसलात? आणि तुम्ही मुरुडच्या. विधवेशी लग्न केलं म्हणून एका माणसाला तुमच्या गावाने वाळीत टाकलं होतं, आणि आता त्याच्याच नावाने गावाची ओळख सांगता.

आत्याबाई : तो मोठा माणूस होता गो. आपण संसारातली माणसं. आपल्याला झेपतं का ते?

सुनेत्रा : मला झेपेल.

वेद : आई! आत्याआजी नको म्हणतेय ना? मला ऐकू येतंय. ती नको म्हणाली की काकापण नको म्हणतो. सगळे तिचंच ऐकतात. तू पण.

सुनेत्रा : आज नाही ऐकणार.

वेद : तू ऐकतेस. नेहमी ऐकतेस. लागलं बघ! फास्ट लागलं!

सुनेत्रा : वेद, हात खाली! वेद! आत्याबाई, बोला काहीतरी! तुमच्या एका शब्दावर अडलंय!

आत्याबाई : मी... काय बोलू मी...

सुनेत्रा : वेद! आवाज दे मला! काय करतोयस?

वेद : एक झाला... दुसरा... आई गं!

सुनेत्रा : लागलं? वेद, लागलं का? आत्याबाई!

आत्याबाई : वेदा! थांब! तुझी आई बसेल! ऐकलंस? आई बसेल पाटावर, आई घास भरवेल, केस काढताना आई समोर बसेल. मी सांगतेय, आत्याआजी! गळ्याची आण घेऊन सांगते. काकाला मी सांगेन, गुरुजींना मी सांगेन. ज्याला पटणार नाही त्याने उठून जावं, मी स्वतः त्याच्या चपला आणून देईन. वस्तरा टाक, बाळा. टाक तो!

वेद : ...खरं?

आत्याबाई : अरे, खरं रे! म्हातारी कशाला खोटं बोलेल? थांबव आता ते अस्वल. जीव वरखाली झालाय इथे दोघींचा.

(आतलं गाणं मध्येच थांबतं. कडी निघते.)

सुनेत्रा : इकडे ये. डोकं दाखव. हात दाखव. दे तो वस्तरा आधी. आत्याबाई, हा धरा... नाही, मिटून धरा.

आत्याबाई : दे. मिटला. कुठे लागलंय? बघू?

सुनेत्रा : कानाच्या वर. एवढंसं आहे. देवा, एवढंसंच आहे. हळद लावली की थांबेल.

वेद : आई, तू रडतेयस.

सुनेत्रा : हो. आता समोर रडतेय, बघ. कुठे जात नाही.

वेद : केरूदादा रागावेल?

आत्याबाई : त्याला म्हणावं, आत्याआजीने ठेवली होती उचलून. माझ्यावर कोण रागावतंय! आणि हे दोन पट्टे काढलेस ना डोक्यावर, बैल चरून गेल्यासारखे, ते तो करेल सारखे.

वेद : तो सगळे केस काढणार?

सुनेत्रा : शेंडी ठेवणार. मुंजीत शेंडी ठेवतात.

वेद : किती?

सुनेत्रा : असेल थोडी. मधली.

वेद : तुला धरायला?

सुनेत्रा : मला धरायला.

आत्याबाई : चला, उठा आता. सुनेत्रे, ही सुती साडी बदल. कपाटात ती गर्द हिरवी आहे ना, वेदाच्या बाबाने, मुकुलने दिवाळीला आणलेली, ती नेस. बघतेस काय? नेस म्हणते ना. तोवर मी मांडवात जाऊन हरिहरला पाटावरून उठवते.

सुनेत्रा : आत्याबाई, तुम्ही मनापासून म्हणताय ना हे? घाबरून नाही ना?

आत्याबाई : घाबरून म्हटलं गो, खोटं कशाला सांगू? शब्द तोंडातून निघाला तेव्हा घाबरलेच होते. पण निघाला तेव्हा बरं वाटलं. आमचे हे गेल्यावर माझ्या दादूची मुंज झाली ना, तेव्हा मीही कोठीच्या खोलीत होते. तांदळाच्या कणगीला टेकून. मला कोणी कोंडलं नव्हतं. कोणी सांगायच्या आधीच मी आपली शहाण्यासारखी आत जाऊन बसले. मातृभोजनाला जाऊबाई बसल्या. दादूने तिथून हाक मारली, आई, ए आई, म्हणून.

सुनेत्रा : आणि तुम्ही?

आत्याबाई : ओ दिली नाही. कार्यात विघ्न नको म्हणून. परत मारली त्याने. मग नाही मारली. आता पुण्याहून येतो, पायाशी बसतो, औषधं आणतो, काही कमी करत नाही हो पोर. पण हाक नाही मारत. "अगं ऐक" म्हणतो. आई म्हणून नाही मारत हाक.

सुनेत्रा : आत्याबाई...

आत्याबाई : पुरे. मुहूर्त टळेल. वेदा, चल, हात धर माझा. आणि पानावर बसलास की मुकाट्याने जेव, काय?

वेद : आत्याआजी, एक राहिलं.

आत्याबाई : आता काय आणखी?

वेद : चित्रात शेवटी फुलं टाकतात. अस्वल उभं राहतं ना, टक्कल घेऊन, तेव्हा. खरं म्हणजे ते मरत नाही, परत उठतं. फुलं उठल्यावर पण टाकतात. आई समोर बसली तर ती कशी टाकणार? मग कोण टाकणार माझ्यावर?

सुनेत्रा : अरे, मंगलाष्टकं होतात तेव्हा मांडवातले सगळेच अक्षता टाकतात. तुझ्यावरच.

वेद : आत्याआजी पण?

आत्याबाई : मी आपली आत असते रे, कोठीत. तिथून ऐकते मंगलाष्टकं.

वेद : आज नाही. आज तू पण समोर. आई इकडे, तू तिकडे. नाहीतर मी परत कडी लावीन.

सुनेत्रा : या आत्याबाई. मी आहे ना शेजारी.

आत्याबाई : येते गो, येते. पण जरा हळू चाल. आणि मला एक सांग, कुणाला ऐकू जाणार नाही असं. अक्षता मुठीत किती घ्यायच्या असतात?